आक्काचे करकोचे

नळदुर्गच्या किल्ल्याजवळ बोरी नदीचं पाणी साठतं, तिथं दिवाळी सरली की कांड्या करकोचे उतरायचे. थोरली बहीण आक्का आणि मी बांधाआड पोटावर पडून त्यांना बघायचो. मी जरा हललो की पाठीत धपाटा बसायचा. पुढं तिला गुलबर्ग्याकडं दिलं. मग राज्यंही वेगळी झाली, पण खरी आडवी आली ती ज्वारी. करकोच्यांच्या दिवसांतच सुगी, सासरचे सोडायचेच नाहीत. ती यायची नागपंचमीला, तेव्हा पाण्यावर नुसत्या म्हशी.

"एकडाव फोटूत तरी दाव की रं," एका पंचमीला ती म्हणाली.

त्या हिवाळ्यात मी मास्तरांचा बॉक्स कॅमेरा मागून आणला आणि घोंगडं पांघरून पहाटेपासून चिखलात बसलो. उन्हं वर आली तशी ओरडत ओरडत रांग उठली, बुरुजापाशी वळली, पाण्याकडं झुकली. मी खटका दाबला. एवढा आनंद मला पुढं नोकरी लागल्यावरही झाला नाही.

रोल सोलापूरच्या स्टुडिओत दिला. फोटो हातात आला तर बुरूज, पाणी आणि लख्ख आभाळ.

"पक्षी कुठायत?"

"पक्षी?" स्टुडिओवाला गडबडला. "आभाळात लई ठिपके व्हते. मला वाटलं डाग हायत. बसून समदे काढले बघा."

नवरा-नवरीच्या तोंडावरचे देवीचे वण काढण्यात त्याचं आयुष्य गेलेलं, त्याला काय बोलणार? तरी मी बोललोच, दुकान डोक्यावर घेतलं. पण ब्रश निगेटिव्हवरच फिरला होता, दुसरी प्रत काढूनही पक्षी येणार नव्हते.

पंचमीला आक्का आली. मी सगळं सांगून तोंड पाडून फोटो पुढं केला. ती रागावली नाही. तिनं रिकाम्या आभाळावर बोट टेकवलं आणि बुरुजापासून पाण्यापर्यंत सावकाश नेलं.

"हितनं वळले असतील. व्हय ना?"

बरोबर तिथूनच वळले होते. मला रडू आवरेना.

आक्का गेली त्याला बरीच वर्षं झाली. तिच्या लेकानं तो फोटो मला आणून दिला. अजूनही दिवाळी सरली की मला ती हवी असते, धपाट्यासकट. परवा फोटो काचेत बसवायला नेला. आभाळात बुरुजापासून पाण्यापर्यंत बोटाचा मळकट पट्टा उमटलाय. तो बघून फ्रेमवाला म्हणाला, "एवढा डाग पुसून देतो, काका."

मी त्याच्या हातातून फोटो काढून घेतला.