खिडकीवर आदळलेला नवरंग

आई गेली. तिचा जलदान विधी झाला आणि दुसऱ्याच दिवशी मी ड्यूटीवर रुजू झाले. मारेगाव तालुक्यात सागाच्या जंगलाला लागून एक आरोग्य उपकेंद्र आहे, तिथे मी नर्स आहे. अजून आठवडाभर रजा घे, असं सगळे म्हणत होते. पण घरी बसून काय करायचं ते कळत नव्हतं. रडू येत नव्हतं. ताट समोर आलं की जेवत होते, झोपही लागत होती.

जून नुकताच लागला होता. सकाळी लसींचा डबा उघडत असताना खिडकीच्या काचेवर काहीतरी धप्पकन आदळलं. बाहेर ओट्यावर एक पाखरू कलंडून पडलं होतं. पाठ हिरवी, शेपटीखाली लालभडक, पंखावर निळा डाग, शेपूट जेमतेम. इतके रंग एका पाखरात मी कधी पाहिले नव्हते. तरी नुसती उभी राहिले. हात पुढे झाला नाही.

जवळच्या कोलाम पोडावरची, म्हणजे वस्तीवरची, आशाताई लसीच्या बाळांची यादी घेऊन आली होती. तिने ते पाखरू ओंजळीत उचललं.

"नवरंग हाय," ती म्हणाली. "लय लांबून उडत येते. मेला नाई, भोवळ आली त्याले. टोपली आहे का?"

टोपली नव्हती. मी औषधांचं रिकामं खोकं दिलं. आम्ही तीन बाळांना लस टोचली, तोवर ते कोपऱ्यात होतं. मधूनच आत खरखर व्हायची.

दुपारी ती म्हणाली, "चाला, सोडून येऊ."

"इथंच सोडू ना."

"इथं कुत्रे हायेत. त्याले झुडपाखालचा पालापाचोळा लागते. तिथंच किडे खाते, तिथंच घरटं करते."

नाल्याकाठी बांबूच्या दाट सावलीत तिने खोकं आडवं केलं. नवरंग बराच वेळ आत बसून राहिला. मग टुणकन बाहेर आला, चोचीने एक पान उलटलं, पुन्हा दोन उड्या, आणि झुडपात शिरला. थोड्या वेळाने आतून दोन सुरांची शीळ आली.

परतताना तिने विचारलं, "सिस्टर, तुमी रडल्या का?"

"नाही."

"माय गेलती तवा मलेबी येळ लागला."

"किती?"

"ध्यानात नाई आता."

ती पुढे झाली. वाटेतल्या काटेरी फांद्या माझ्यासाठी बाजूला धरत चालली.

संध्याकाळी बाबांचा फोन आला.

"जेवली का?"

"जेवले."

पाखराचं सांगावं असं मनात आलं, पण सांगितलं नाही. दोघांनीही फोन मात्र ठेवला नाही.