फुला घरी आली का, हे विचारायला निघालो

शालनने, माझ्या बायकोने, आणि मी बरोबर केलेलं शेवटचं काम म्हणजे मटार सोलणं. संध्याकाळचे सात वाजलेले, मधे पेपर पसरलेला, समोर टीव्हीवर थायलंडचं चॅनल. भाषा दोघांनाही ओ की ठो कळत नव्हती. मी पाचवी शिकलेला. डोंबिवलीच्या एका रंगाच्या कारखान्यात सगळा जन्म पिंपं धुण्यात गेला. ती दुसरीतून उठलेली. पण चार महिने आम्ही रोज ती मालिका बघत होतो आणि शालनला गोष्ट तोंडपाठ होती. नदीकाठी लाकडाचं घर. सुनेच्या केसात कायम फूल, म्हणून ती फुला. सासू खडूस. नवरा पांढऱ्या शर्टातला, नुसता बैलोबा. त्या दिवशी फुला पेटी घेऊन होडीत बसली आणि निघून गेली.

"येईल परत," शालन म्हणाली.

"कसली येते! तोंड बघितलंस का तिचं?"

"येईल म्हणते ना मी. आणि आली की तुम्ही एकदा म्हणायचं, शालन, तुझं खरं. एवढ्या वर्षांत कधी म्हणाला नाहीत."

"आली की म्हणेन. तू मटार बघ, किडका टाकलास त्यात."

दुसऱ्या दिवशी पहाटे ती उठली नाही. झोपेतच गेलेली.

पुण्यानुमोदन (गेलेल्या माणसासाठीचा आमच्यातला विधी) झालं, पाहुणे गेले. मी टीव्ही लावला तर पडदा निळा. सिग्नल नाही. आमच्या ठाकुर्लीच्या बिल्डिंगवर केबलवाल्याने सोडून दिलेली एक जुनी जाळीची छत्री आहे. आकाशातून चॅनल पकडणारं ते मोठं तबक. ती फिरवायला दोन माणसं लागतात. एक गच्चीवर, एक खिडकीत, "आलं, आलं... गेलं!" ओरडायला. शालनचा आवाज दोन मजले चढून यायचा, अख्खी गल्ली ऐकायची. आता मी एकटाच. छत्री बोटभर सरकवायची, खाली येऊन बघायचं, पुन्हा वर. अकरा वेळा केलं. बाराव्या वेळेला जिन्यातच बसलो.

मग ठरवलं, विचारत जायचं. फुला घरी आली का, हे कुणाला तरी माहीत असेलच. मला ती पैज हरायची होती.

रविवारी सकाळी निघालो. केबलवाल्याने सांगितलेलं, कल्याणला खाडीकडे म्हात्रे म्हणून एक म्हातारा आहे, त्याला छत्र्यांचं वेड. रिक्षावाल्याने मला खाजणाच्या (खाडीकाठची खारी जमीन) कडेला सोडलं. घर विचारावं लागलं नाही. एका गच्चीवर नऊ छत्र्या होत्या, लग्नात रुसलेल्या पाहुण्यांसारख्या नऊ दिशांना तोंडं करून. मधोमध लुंगीतला उघडाबंब माणूस पाना घेऊन उभा.

"कनचा चॅनल?" नाव न विचारता त्याने हेच विचारलं.

"थायलंडचं. कोपऱ्यात हिरवं पान असतं."

"त्यो गेला. दुसऱ्या सॅटेलाइटवर हलवला. आपल्याकडं दिसत नाय आता." त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "छत्री फिरवली असशील तू."

"अकरा वेळा."

"मंग बस आधी. छत्रीला शिव्या देव नको, तिचा काय गुन्हा नाय. बस, तुला दुनिया दाखवतो."

आणि दाखवली. एका खोक्याला नऊ वायरी जोडलेल्या, रिमोट दाबला की देश बदलायचा. इराणात एक बाबा वांगी भाजत होता, अगदी आपल्या भरतासारखी. ब्रह्मदेशात बाया गालाला पिवळा लेप लावून बाजारात भांडत होत्या. आफ्रिकेतल्या कुठल्याशा देशात शेकडो माणसं डोळे मिटून गात होती, माझ्या अंगावर काटा आला. व्हिएतनामच्या चॅनलवर भाताची लावणी चाललेली. म्हात्रे तिथे थांबला. "आमची शेती पन ऐशीच होती. आता तिथं टावर हाय," म्हणाला आणि पुढचं बटण दाबलं. तासाभरात माझ्या एक लक्षात आलं. कुठलाही देश घ्या, बातम्यांत कुणी साहेब फीत कापतो, मालिकेत एक म्हातारी रडते आणि मधेच साबण विकतात.

खालून म्हात्रेंच्या बायकोचा आवाज आला, "जेवाला चला! दुनिया काय पलून जाते?"

तांदळाची भाकरी आणि वाकट्यांचं (सुकवलेली, फितीसारखी मासळी) कालवण. महिन्याभरात पहिल्यांदा मी दुसरी भाकरी मागून घेतली. जेवताना त्यांना पैजेचं सांगितलं. म्हात्रेबाईंनी कपाळावर हात मारला. "बाईमानूस मेली तरी तुमची पैज चालूच का?"

"चालू नाही. हरायची आहे."

त्यांनी माझ्या ताटात आणखी कालवण वाढलं. म्हात्रे उठला, हात धुतले, माझा मोबाइल घेतला. हिरव्या पानाचं चॅनल त्याला पाठ होतं. इंटरनेटवर शोधून थोड्या वेळाने त्याने पडदा माझ्यासमोर धरला. "हीच का बघ."

फुलाच! मालिकेचा शेवटचा भाग. फुला आणि ती म्हातारी सासू एका घराच्या पायरीवर बसलेल्या.

"आली ना? संपला विषय," म्हात्रे म्हणाला.

"असं कसं? हे घर पक्कं आहे. लाकडाचं कुठाय? नदी कुठाय? आणि ही मागची आठवण नसेल कशावरून? मालिकेत मेलेली माणसंही मागच्या आठवणीत येऊन बसतात."

शालन असती तर एका नजरेत तिने सांगितलं असतं. आम्ही तिघं तो भाग तीनदा बघून बसलो, कुणाला काही कळलं नाही.

"भाषेचा मानूस पायजे," म्हात्रे म्हणाला.

तेव्हा मला भंतेजी आठवले. शालनच्या पुण्यानुमोदनाला आले होते. तीन वर्षं थायलंडला शिकून आलोय म्हणाले होते. त्यांचा विहार ठाण्यात, घोडबंदर रोडच्या बाजूला. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून नाक्यावर डझनभर केळी घेतली आणि बस पकडली.

दुर्गाडीचा पूल ओलांडेपर्यंत बरं चाललं होतं. रांजणोलीला बस जी थांबली ती थांबलीच. दोन्ही बाजूंनी ट्रक, वरून ऊन, मांडीवर केळी. कंडक्टर बाईने विचारलं, "आजोबा, उतरणार कुठे?"

"घोडबंदर रोडला बुद्धविहार आहे तिथे."

"स्टॉपचं नाव सांगा."

"नाव माहीत असतं तर तुम्हाला कशाला विचारलं असतं?"

"मग मी कुणाला विचारू, ट्रकवाल्याला?"

सगळी बस हसली, मीपण हसलो. माजिवड्याला तिनेच हाताला धरून उतरवलं, दुसऱ्या बसमध्ये बसवलं आणि तिथल्या कंडक्टरला ओरडून सांगितलं, "ह्यांना बुद्धाकडे सोडा, भांडकुदळ आहेत!"

घोडबंदर रोडला मान वर करून बघितलं तर टोपी पडेल असे टॉवर. त्यांच्यामधल्या गल्लीत पत्र्याची शेड, आत थायलंडहून आलेली सोनेरी मूर्ती. भंतेजी वयाने माझा मुलगा शोभतील एवढे. मी वंदन केलं, केळी पुढे ठेवली.

"उपासक, दुपारी बारानंतर आम्ही काही खात नाही," ते म्हणाले. चार वाजले होते.

"केळंसुद्धा नाही?"

"केळंसुद्धा नाही."

"मग उद्या खा. तशीही ट्रॅफिकने पिकवलीत."

मग कामाचं बोललो. फुला, होडी, पैज, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मान हलवली. "आमचं शील आहे, उपासक. नाच, गाणी, खेळतमाशे बघायचे नाहीत."

"तमाशा नाही भंते, मालिका आहे."

"तेच ते."

इतक्या लांब येऊन हे. मला राग आला, आणि रागात माझं तोंड चालतं. "तुम्ही नकाच बघू," मी म्हणालो. "मी बघतो. तुम्ही डोळे मिटून ऐका. माणूस काय बोलतं ते ऐकायला कुठलं शील आडवं येतं?"

त्यांनी एकदा मूर्तीकडे बघितलं. मग मांडी घातली, डोळे मिटले. "लावा."

मोबाइल माझ्याकडे तोंड करून धरला. मी दिसेल ते सांगायचो, ते ऐकू येईल ते सांगायचे.

"सासू पायरीवर बसलीय," मी म्हणालो.

"सासू नाही. मुलगी तिला 'मे' म्हणते. मे म्हणजे आई. आणि म्हातारी म्हणते, तुला मी जन्म दिलाय, मला शिकवू नकोस."

"आई? मग हा पांढरा शर्टवाला?"

"मोठा भाऊ."

"अहो, चार महिने आम्ही त्याला नवरा समजून शिव्या घातल्या!"

भंतेजींचे डोळे मिटलेले, पण ओठ हलले. "ऐकू द्या, उपासक."

"घर का बदललं ते विचारा."

"कुणाला विचारू? थांबा... जुनं घर पुरात वाहून गेलं. हे भावाने रस्त्याच्या वर बांधलंय."

"मग ही आठवण नाही. आत्ताचंच आहे."

"आत्ताचंच."

फुलाने मान खाली घातली होती. म्हातारी तिच्याकडे बघत नव्हती, समोर बघत होती. मी तसं सांगितलं. मोबाइलमधून म्हातारीचा आवाज आला, मग फुलाचा, अगदी हळू.

"आई विचारते, किती दिवस राहणार?" भंतेजी म्हणाले. "मुलगी म्हणते, पेटी कुठे ठेवू?"

"म्हणजे?"

"म्हणजे आली, उपासक. राहायला आली."

"शालन, तुझं खरं."

भंतेजींनी कान टवकारले. "हे कोण बोललं?"

"मी बोललो."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. मालिका संपली, साबणाची जाहिरात लागली, तरी ते तसेच बसून राहिले. मला हवा होता तेवढा वेळ त्यांनी दिला.

परतीच्या बसमध्ये खिडकी मिळाली. टॉवरमध्ये दिवे लागत होते, प्रत्येक घरात एक टीव्ही, प्रत्येक टीव्हीवर वेगळं काहीतरी. शालन नाशिकच्या पलीकडे कधी गेली नाही. आईला सासू म्हणाली, भावाला नवरा म्हणाली, नाती सगळी चुकली. पण ती पोरगी घरी येणार हे तिने तोंड बघून ओळखलं. मला त्याच तोंडावर उलटं दिसलं होतं. एकाच टीव्हीसमोर बसून माणसं वेगवेगळं बघतात, हे मला या वयात समजलं. समजून आता उपयोग काय, असं वाटलं. तरी बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. तळमजल्यावरच्या कांबळेबाई, हातात चहाचा पेला. पेला देऊन गेल्या नाहीत, पदराशी चाळा करत उभ्या राहिल्या.

"भाऊ, एक विचारू? रागवू नका. त्या फुलाचं पुढे काय झालं?"

"तुम्हाला फुला कशी ठाऊक?"

"तुम्ही फिरायला गेलात की शालनताई रोज सांगायच्या ना. भाजी निवडता निवडता. मी आणि वरची सुनंदा. शेवटच्या रात्रीही तुम्ही जेवून बाहेर पडलात तेव्हा सांगितलं, तिने पेटी उचलली तिथपर्यंत. सासूने घेतलं का हो तिला घरात?"

ती सासू नाही, हे अगदी ओठावर आलं होतं. मी चहाचा घोट घेतला.

"घेतलं," मी म्हणालो. "सासू थकली हो आता. पायरीवरच बसलेली. फुला आली तर म्हणाली, ठेव पेटी आत."

कांबळेबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "आणि तो बैलोबा? तिचा नवरा? सुधारला का मेला?"

"सुधारला थोडा," मी म्हणालो. "पण उशिरा."