कुसाबाईचं हिरवं लुगडं

एकोणऐंशी साली घोटीच्या आसपास गुरं चोरीला जाऊ लागली, तेव्हा लोकांनी गोठ्यांना कुलपं लावली, कुत्री पाळली. कुसाबाई मात्र निर्धास्त होती. तिच्या घरचं मीठ-मिरची चंद्री म्हशीच्या दुधावर चाले, आणि चंद्री परक्याला शिवू देत नसे. घरधन्यालासुद्धा नाही. कुसाबाई माहेरी गेली की चिमाजीला, मिशा असून, बायकोचं हिरवं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन धारेला बसावं लागे.

पिठाच्या गिरणीत कुसाबाई हे ओळखीच्याला सांगे, अनोळख्यालाही सांगे. वर म्हणे, "माझ्या म्हशीला चोर काय हात लावतोय!"

भाताच्या सोंगणीचे दिवस होते. संध्याकाळी ती शेतावरून आली, तर गोठा रिकामा. कुडावर वाळत घातलेलं लुगडंही नाही.

शेजारचा झुंबर म्हणाला, "वहिनी, दुपारी तुम्हीच तर म्हैस घेऊन गेल्या. मी हाक बी मारली."

"आन् मी काय बोलले?"

"काय नाय."

"मी कधी न बोलता गेलेय का रे, मेल्या?"

"तेच म्हटलं, आज लय बरं चाललंय."

कुसाबाईनं त्या दिवशी चूल पेटवली नाही.

बाजाराच्या दिवशी नवरा-बायको घोटीला गेले. गुरांच्या बाजारात एका कोपऱ्यात हशा पिकला होता. दूध बघितल्याशिवाय म्हैस घेणार नाही, असं गिऱ्हाईक अडून बसलेलं, आणि विकणारा बाप्या भर बाजारात हिरवं लुगडं गुंडाळून धारेला बसलेला.

"चंद्रे!" कुसाबाई ओरडली.

म्हशीनं लाथ झाडली, दुधाची कासंडी उडाली. बाप्या पळाला, तो लुगड्यात पाय अडकून तोंडावर पडला. लोकांनी त्याला धरला. कुसाबाईनं आधी म्हशीच्या गळ्याला मिठी मारली, डोळे पुसले, मग चोराकडे वळली.

"चोरलंस ते चोरलंस, नेसायचं तरी नीट!"

"कासोटा घट्ट मारावा लागतो," चिमाजी अनुभवानं म्हणाला.

त्यानंतर कुसाबाईनंही कुलूप आणलं. गोठ्याला नव्हे, गोठा उघडाच राहिला. लुगडं पत्र्याच्या पेटीत गेलं, कुलूप पेटीला लागलं, किल्ली तिच्या कमरेला. आता कोणाची छाती आहे बघते, असं ती गिरणीत सांगू लागली.

पुढच्या खेपेला ती माहेरी पोचली, आणि दुसऱ्या दिवशी चिमाजी घामाघूम होऊन दारात उभा.

"काय वो, इतक्या लांब?"

"किल्ली दे," तो म्हणाला. "म्हैस कालपासून तटलीय, कासेला हात लावू देत नाय."