सातव्या लेव्हलवरची बाई

मोबाइलवर खेळ खेळणारी माणसं तुम्ही पुष्कळ पाहिली असतील. मान खाली, अंगठे चालू आणि चेहरा कोरा. आमचे काका मात्र खेळता खेळता मधेच मोबाइल उचलून कानाला लावायचे. डोळे मिटून बसायचे. त्या वेळी तुम्ही काही बोलायला गेलात, की डाव्या हाताचं एक बोट वर जायचं. "थांब. येऊन राहिलंय."

येऊन राहिलंय ते पाणी. खेळातलं.

हे माझे सख्खे काका नव्हेत. किला गेटजवळ राहायचे. घराणं फौजेबरोबर दख्खनेतून इकडे उत्तरेत आलेलं. "पणजोबांच्या हातात तलवार होती, माझ्या हातात चावी आली," असं ते स्वतःच सांगायचे आणि हसायचे. चावी म्हणजे माणसाच्या छातीपर्यंत येणारा लोखंडी दांडा. पाण्याच्या खात्यात त्यांनी सगळी नोकरी तो दांडा घेऊन रस्त्यातले व्हॉल्व्ह उघडण्यात आणि बंद करण्यात घालवली. दांड्याचं वरचं टोक कानाला लावलं, की पाणी कुठवर आलंय ते त्यांना कळायचं. मोबाइलही ते तसाच ऐकायचे.

मी मोबाइलचे खेळ बनवते. जयेंद्रगंजातल्या आमच्या नातेवाइकांत हे सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "बरं, आणि नोकरी?" हीच नोकरी. आमची कंपनी पाच जणांची, पाचही जण आपापल्या घरी. दर सोमवारी पडद्यावर मीटिंग होते आणि आमचे साहेब सगळ्यांचं सगळं ऐकून घेऊन शेवटी एकच विचारतात, "वो सब ठीक है, पर मज़ा कहाँ है?"

मजा कुठे आहे, हे मला त्या वेळी माहीत होतं असं मला वाटायचं. आता विचाराल तर मी गोंधळून जाईन, म्हणून विचारू नका.

तर मी एक खेळ काढला होता. एक गल्ली, दहा घरं, आणि पाणी यायची मोजकी मिनिटं. तुम्ही व्हॉल्व्ह फिरवायचे आणि पाणी घराघरात पोचवायचं. आठ घरांत पोचलं, की तुम्ही जिंकलात. तीन तारे मिळतात, तुतारी वाजते, पुढची लेव्हल उघडते. आमच्या बाबांना मी हे दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "व्हॉल्व्हचं तुला काय कळतं? त्यासाठी माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत." ते गृहस्थ म्हणजे काका.

मी त्यांच्या मोबाइलवर खेळ घालून दिला. त्यांनी तो तिथल्या तिथे कानाला लावला आणि माझ्याकडे पाहिलं.

"ही तर बादली आहे."

"काय?"

"पाइपात पाणी असं बोलत नाही, बेटा. हे कोणी तरी बादलीत ओततंय."

तो आवाज मी आमच्या न्हाणीघरात, बादलीत तांब्याने पाणी ओतून रेकॉर्ड केला होता. हे मी आमच्या साहेबांनाही सांगितलेलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात काका मला घेऊन चार गल्ल्या फिरले. नळ यायच्या वेळी मी जमिनीला माइक लावून बसले होते आणि येणारे-जाणारे माझ्याकडे बघत होते. मग मी खेळात खरे आवाज घातले, पाण्याचा जोर वाढला की बदलणारे. आमच्या कंपनीत ते कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

खेळून पाहणाऱ्यांना आम्ही एक फॉर्म देतो. मजा आली का? पाच चेहरे असतात, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत, त्यातल्या एकावर खूण करायची. काकांनी तो फॉर्म चष्मा लावून दोनदा वाचला.

"मजा कोणाला यायला हवी? मला की पाणी पिणाऱ्याला?"

"तुम्हाला, काका. खेळ तुम्ही खेळताय ना."

"मजेचं मला पता नाही. पाणी पोचलं की नाही ते विचार."

चेहरे त्यांनी रिकामेच सोडले. त्याऐवजी दर शनिवारी त्यांचा व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट यायचा, नोकरीत असताना लिहायचे तसा. "लेव्हल पाच. सर्व घरी पाणी पोचले." "लेव्हल सहा. सर्व घरी पाणी पोचले." आणि मग, "लेव्हल सात. शेवटच्या घरी पाणी पोचले नाही."

हा शेवटचा रिपोर्ट पुढचे दहा-अकरा शनिवार बदलला नाही.

सातवी लेव्हल चढाची होती. किल्ल्याच्या पायथ्याची गल्ली, मागे चित्रात किल्ला, आणि सगळ्यात वर दहावं घर. त्या घराच्या दारात मी एक बाई उभी केली होती, हातात बादली घेतलेली. तिथे जागा फार रिकामी दिसत होती, एवढंच कारण. ती दर दोन सेकंदांनी मान वळवून नळाकडे बघायची.

"काका, नऊ घरांत पाणी गेलं, तीन तारे मिळाले. आठवी लेव्हल कधीचीच उघडलीय. पुढे चला ना."

"आणि ही बाई?"

"ते नुसतं चित्र आहे हो."

"चित्र आहे तर बादली कशाला दिलीस तिच्या हातात?"

मी चहा प्यायले आणि घरी आले.

रोज सकाळी सहा वाजता काका खेळायला बसायचे. पहिलं घर लवकर बंद करून बघायचे, चौथं उशिरा उघडून बघायचे. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर त्यांनी गल्लीचे नकाशे काढले होते. खेळताना त्यांच्या कपाळावर आठ्या असायच्या. कधी कधी मोबाइलवर ओरडायचेसुद्धा. काकू मला म्हणाल्या, "अगं, कसला खेळ दिलास तू ह्यांना? लोक खेळून खूश होतात. हे खेळून उठले की माझ्यावर डाफरतात."

आता मला सांगा, मी काय समजायचं? ज्या तीस-चाळीस लोकांनी पाचव्या, हसऱ्या चेहऱ्यावर खूण केली होती, त्यांनी चार दिवसांत खेळ मोबाइलवरून काढून टाकला होता. आणि ज्या माणसाने मजेचा रकाना रिकामा सोडला, तो रोज सकाळी उठून आठ्या घालून तोच खेळ खेळत होता. मी हे मीटिंगमध्ये मांडलं. साहेब म्हणाले, "उनको मज़ा नहीं आ रहा, आदत पड़ गई है." असेल. पण मजा आणि सवय यांची सीमा कुठे असते, हे मला त्यांनी सांगितलं नाही. मला स्वतःलाही एखादा खेळ नुसता मजेसाठी खेळून किती वर्षं झाली, ते आठवेना.

साहेबांनी बजावलं, की मजा वाढवा, नाहीतर हा खेळ बंद करू. म्हणून मी एके दुपारी एकेक लेव्हल उघडून तपासायला बसले, आणि सातव्या लेव्हलवर मला माझीच चूक सापडली.

प्रत्येक घराची उंची एका चौकटीत लिहावी लागते. त्या दहाव्या घराच्या चौकटीत मी मागच्या चित्रातल्या किल्ल्याची उंची लिहून ठेवली होती. चित्रात बाई गल्लीच्या टोकाला उभी होती, पण हिशेबाने ती किल्ल्याच्या तटावर होती. जगातल्या कुठल्याही व्हॉल्व्हने तिच्यापर्यंत पाणी गेलं नसतं. बाकी सगळे तीन तारे घेऊन पुढे निघून गेले, म्हणून हे कोणालाच कळलं नाही. एकटे काका अडीच महिने गल्लीचं पाणी किल्ल्यावर चढवत बसले होते.

मला इतकी लाज वाटली, की त्या दिवशी मी जेवले नाही. कबूल करायला म्हणून मी संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. ते नवा नकाशा घेऊनच बसले होते. "बघ, तिसरं आणि सातवं एकदम बंद केलं तर? अब पकड़ में आया है मामला." त्यांचे डोळे चमकत होते. ती चमक म्हणजे मजा होती का? आणि चूक सांगितली तर मी ती काढून घेणार होते का? कबुली न देताच मी परत आले आणि गुपचूप उंची कमी केली. घाबरटपणाने जरा जास्तच कमी केली.

त्या शनिवारचा रिपोर्ट मला तोंडपाठ आहे. "लेव्हल सात. शेवटच्या घरी पाणी पोचले. मी पोचवलेले नाही."

मी धावत गेले. ते मोबाइल समोर ठेवून बसले होते.

"चढ कोणी कमी केला?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"आवाजावरून. पाणी चढतच नाही, सपाटीवर पळतंय. पूर्वीची चूक माझी होती की तुझी?"

"माझी, काका. पहिल्या दिवसापासून." आणि मी तटावरच्या बाईची सगळी हकीकत सांगितली.

मला वाटलं, आता हा माणूस चिडणार. ते स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "ऐकलंस का ग? माझा हात बरोबर होता. किल्ल्यावर पाणी चढवत होतो मी!" आणि मांडीवर थाप मारून असे हसले, की काकू बाहेर आल्या. मला मात्र रडू आलं.

"आता तीन तारे बास झाले ना?" मी नाक पुसत विचारलं.

"छे! खरा चढ असेल तेवढा कर. चल, मोजून येऊ."

आम्ही तसे निघालोही. किला गेटजवळच्या एका चढाच्या गल्लीत ते पुढे आणि मी मागे, पायऱ्या मोजत. दोनदा ते ओट्यावर टेकले. श्वास लागला होता, पण मी हात धरायला गेले तर म्हणाले, "तू मोज. विसरशील." सगळ्यात वरच्या घराचं दार उघडंच होतं. आतून एक बाई आली आणि त्यांना पाहून डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "अरे, चाबी वाले भैया! कितने दिन बाद! बैठिए, पानी लाती हूँ."

पाण्याचा पेला हातात घेऊन काका माझ्याकडे वळले. "बघ. इथपर्यंत पोचतं."

घरी येऊन मी मोजलेला चढ खेळात घातला. तिसऱ्या शनिवारी रिपोर्ट आला, "लेव्हल सात. सर्व घरी पाणी पोचले." मी अंगठा पाठवला. पुढच्या शनिवारी तोच रिपोर्ट आला. मी पुन्हा अंगठा पाठवला.

अंगठाच पाठवला, कारण तोवर कंपनीने खेळ बंद करायचं ठरवलं होतं. "मज़ा कम है," असं साहेबांनी लिहिलं आणि मला फळं फोडायच्या एका खेळावर लावलं. तो खूप चालला. काकांना हे सांगायला जायचं मी टाळत राहिले आणि त्यांच्या शनिवारच्या रिपोर्टांनाही न वाचताच अंगठा पाठवू लागले. त्यांची आठवी लेव्हल, नववी लेव्हल चालू असेल, आपण कशाला बोला, असं मनाला समजावत राहिले. थंडी सुरू झाली, आणि एके दिवशी बाबांनी जेवताना सांगितलं की किला गेटवाले गेले. सकाळी छातीत दुखायला लागलं आणि इस्पितळात नेईपर्यंत सगळं आटोपलं.

तेरावा झाल्यावर मी काकूंना भेटायला गेले. त्यांनी काकांचा मोबाइल माझ्यापुढे ठेवला. "तुझा खेळ आहे ना यात. काढून घ्यायचा असेल तर घे बाई, मला त्यातलं काही कळत नाही."

मी खेळ उघडला. आठवी लेव्हल त्यांनी उघडूनसुद्धा पाहिली नव्हती. खेळात एक नोंद राहते, कोणती लेव्हल कधी खेळली याची. ती मी बघत गेले. सातवी लेव्हल, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं, दहा घरं. दुसऱ्या दिवशी सातवी लेव्हल, सहा दहा, दहा घरं. दिवसाला एकदाच, एकही दिवस न चुकवता. ते गेले त्या सकाळचीही नोंद होती.

"काकू, त्यांना मजा येत होती का हो यात?" मला राहवलं नाही.

"मजेचं काय माहीत. मी एकदा विचारलं होतं, जिंकलात ना, मग रोज रोज तेच काय खेळता? तर माझ्यावरच डाफरले. म्हणाले, पाणी काय एकदाच देतात का?"

काकू चहा टाकायला आत गेल्या. मला खेळ काढायचा होता, पण पडद्यावर ती बाई बादली घेऊन उभी होती आणि मान वळवून नळाकडे बघत होती. तिच्याकडे चौदा दिवस पाणी गेलं नव्हतं. मी पहिला व्हॉल्व्ह फिरवला. तिसरा बंद केला, सातवा बंद केला. माझाच खेळ, पण मला तो नीट येत नव्हता. पाणी वरच्या घरांपर्यंत गेलं की नाही ते कळेना, तेव्हा मी मोबाइल उचलून कानाला लावला.

"काय ग, एवढं काय आहे त्यात?" काकू चहा घेऊन दारात उभ्या होत्या.

माझे डोळे मिटलेले होते. माझ्या डाव्या हाताचं बोट आपोआप वर गेलं. काकूंनी कपबशी आवाज न करता खाली ठेवली आणि त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या.