मंजुरीसाठी एक पान

कुरोमोरी नगरपालिकेची वेबसाइट हिसाए तोगाशीबाईंनी बारा वर्षं चालवली, पण तीवर त्यांचं नाव कुठेही सापडणार नाही. कचरा कुठल्या वारी ठेवायचा, कुठल्या गल्लीतला बर्फ कधी काढणार, सगळं त्याच लिहायच्या. कंत्राटी माणसाला पान प्रकाशित करायची मुभा नाही, म्हणून ते मंजुरीसाठी माझ्याकडे यायचं. मी कायम नोकरीतला. न वाचताच बटण दाबायचो.

"ओनोदेरा-सान, बोट झिजलं असेल तुमचं," डबा उघडताना त्या म्हणायच्या. "मलम आणू का?"

मी हसायचो. खरं तर तेव्हाच लाज वाटायला हवी होती.

गेल्या हिवाळ्यात नवी प्रणाली आली. जुनी दोन हजार पानं बाईंनी एकटीने नव्या जागी हलवली. प्रत्येक पान स्वतःच्या जुनाट फोनवर उघडून बघायच्या, कारण शेजारची म्हातारी तसल्याच फोनवर वाचते. वर कुणालाही कळेल असं माहितीपुस्तक लिहून दिलं. आमचे साहेब, म्हणजे विभागप्रमुख, खूश झाले. "हे वाचून माझी बायकोसुद्धा पान बनवेल!" म्हणाले.

दर तीन वर्षांनी कंत्राटी जागा सगळ्यांसाठी खुली होते, आधीच्या माणसानेही नव्याने अर्ज करायचा. त्या जाहिरातीचं पान दर वेळी तोगाशीबाईच बनवायच्या. या वेळी मात्र त्या धास्तावल्या होत्या. चोपन्नाव्या वर्षी आमच्याकडे दुसरं काम म्हणजे मासळीच्या कारखान्यात दिवसभर गार पाण्यात हात, आणि त्यांची बोटं आधीच आखडलेली.

मुलाखतीहून परतल्या त्या थेट आपल्या टेबलाशी जाऊन बसल्या.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, तुमचं पुस्तक इतकं सोपं आहे, की आता अनुभवी माणूस कशाला हवा?"

गरज सरो, वैद्य मरो. मी शिव्या दिल्या, पण मनातल्या मनात. साहेबांपुढे माझं तोंड आजवर कधी उघडलंय?

निकाल नावाने नाही, अर्जाच्या क्रमांकाने लागतो. बाईंचा क्रमांक चार. सोमवारी सकाळी साहेबांनी निकालाची चिठ्ठी त्यांच्याच टेबलावर ठेवली. "दहाला वेबसाइटवर दिसू दे," म्हणाले आणि गेले. चिठ्ठीवर एकच आकडा होता, दोन.

बाईंनी चष्मा पुसला आणि टाइप करायला घेतलं. थोड्याच वेळात पान माझ्याकडे मंजुरीला आलं.

"थांबा, तोगाशी-सान. मी साहेबांशी बोलतो."

"तुम्ही? बोलणार?" त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या. "दहाला तीन मिनिटं आहेत. बाकीचे उमेदवार वाट बघत असतील. एवढंच करा, आज तरी वाचून दाबा."

मी वाचलं. अक्षर मोठं, तारीख बरोबर. निवड न झालेल्यांसाठी खाली एक ओळ होती, अर्ज केल्याबद्दल मनापासून आभार. एकही चूक नव्हती.

मी बटण दाबलं.