पाट्याखालचा शिपाई

आमच्या हिच्या मामांना कपभर चहा बसून पिताना पाहिलेला माणूस अख्ख्या अमेरिकेत सापडणार नाही. पहिला घोट स्वयंपाकघरात, दुसरा डेकवर, तिसरा शेजाऱ्याच्या कुंपणाशी आणि उरलेला चहा टोमॅटोच्या वाफ्यात कपासकट विसरलेला, असा त्यांचा शिरस्ता. जन्मभर रस्ते आखायची नोकरी केल्यामुळे असेल, पण जमीन दिसली की तिच्यावरून चालून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. निवृत्त झाल्यावर तर व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नमधलं स्वतःचं घर त्यांना विमानतळावरच्या वेटिंग रूमसारखं वाटू लागलं. आमच्याकडे जेवायला बोलावलं, तर पानं घेईपर्यंत ते बेसमेंटमध्ये जाऊन हीटर उघडून ठेवत. तो बिघडलेला नसला तरी. मग तो बिघडे. मामी म्हणत, "यांना बसवायचं असेल तर बेल्टच लावावा लागतो. तोही विमानातला."

अशा माणसाला सोबती मिळाला तोही चालणाराच, आणि मरून शतक उलटलेला. आमची सगळी वसाहत कधीकाळी एका शेतकऱ्याच्या मक्याचं शेत होती, हे मामांना लायब्ररीतल्या जुन्या नकाशांवरून कळलं. शेतकऱ्याचं नाव एलायजा, आणि शेती करण्याआधी तो इथल्या यादवी युद्धात शिपाई होता. झालं, मामा रोज लायब्ररीत जाऊ लागले. तिथल्या बाईंनी महिन्याभरात त्यांना स्टाफच्या मायक्रोवेव्हची परवानगी दिली आणि मामींच्या वांग्याच्या भाजीमुळे आठवड्याभरात ती परतही घेतली. पण एलायजा हाती लागला. मामा त्याची हकिगत अशी सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं, हा ह्यांचा वाईचा चुलतभाऊ. "जावईबापू, याने पराक्रम असा काही केला नाही. दोनदा लढाई, बाकी सगळं चालणं आणि जुलाब. जनरल लोकांचे पुतळे झाले, याला साधे बूट मिळाले नाहीत. व्हर्जिनिया दक्षिणेकडून लढत होती आणि हा गडी उत्तरेच्या सैन्यात गेला. युद्ध संपल्यावर चालत घरी आला, तर गावात कुणी बोलेना. चर्चच्या स्मशानात जागा देणार नाही म्हणाले. मग याने काय केलं? मका लावला!" हे शेवटचं वाक्य ते उभं राहून म्हणत. म्हणजे उभे तर ते आधीपासूनच असत.

मला या सगळ्याचा कंटाळा येई, हे कबूल करतो. शनिवारी सकाळी माणसाने झोपावं की परक्याच्या थडग्यासाठी काटेरी झुडपांत शिरावं? पण मामांच्या घरामागच्या झाडीत एलायजाची कबर असणार, अशी त्यांची खात्री होती, आणि त्या झाडीच्या जागी डेटा सेंटर येणार असल्याची पाटी लागलेली होती. बुलडोझर यायच्या आत कबर सापडली नाही, तर एलायजा कायमचा सर्व्हरखाली जाणार, या विचाराने मामांची झोप उडाली. चार शनिवार आम्ही हिंडलो. मला गोचिड्या चावल्या. कबर काही सापडली नाही.

पाचव्या शनिवारी लायब्ररीतल्या बाईंनी एलायजाच्या मुलीचं जुनं पत्र शोधून दिलं. मामा डेकवर येरझारा घालत ते मोठ्याने वाचू लागले. मुलीने लिहिलं होतं, की वडिलांनी हयातीतच ओढ्यातून एक चपटा दगड आणला, त्यावर आपल्या नावाची दोन अक्षरं कोरली आणि हाच माझ्यावर ठेवा, असं सांगून ठेवलं. दगड दीड हात लांब, डावा कोपरा फुटलेला. मामी तिथेच खाली बसून पाट्यावर लसणीची चटणी वाटत होत्या. त्यांचा हात थांबला.

"अहो," त्या म्हणाल्या, "हा बघा बरं कोपरा."

वरवंटा मामींनी सांगलीहून बॅगेत घालून आणला होता. पाट्याचं वजन मात्र विमान कंपनीने मंजूर केलं नव्हतं. म्हणून फार वर्षांपूर्वी मामांनी झाडीतून एक चपटा दगड उचलून आणला आणि त्याला स्वतः टाकी लावली. आम्ही तिघांनी पाटा उलटा केला. मातीच्या थराखाली दोन अक्षरं होती. इतकी वर्षं आम्ही सगळे बोटं चाटून जिची तारीफ करत होतो, ती चटणी एलायजाच्या उशाच्या दगडावर वाटली जात होती.

मामांना हसू आलं नाही. ते पायरीपाशी गेले, परत आले, पुन्हा गेले. "मीच उचलला की हो. गावाने त्याला जागा दिली नाही, आणि जी होती ती मी चटणीसाठी आणली. आणि कुठून आणली, तेच आठवत नाही." त्यांचा आवाज तसा फुटलेला मी प्रथमच ऐकला, आणि चारही शनिवारी केलेल्या कुरकुरीची मला लाज वाटली.

आठवलं ते मामींना. "दगड उचलताना तुमची कंबर धरली होती. मी बर्फाची पिशवी घेऊन धावत आले, तेव्हा माझ्या डोक्यावर अक्रोड पडला. एवढं मोठं टेंगूळ!" त्या झाडीत अक्रोडाचं झाड एकच होतं.

डेटा सेंटरबद्दल काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, सुनावणीत मामांना बोलायला तीन मिनिटं मिळाली. दगड ते बाजारच्या ट्रॉलीतून घेऊन गेले. काउंटीच्या पुराणवस्तू तपासणाऱ्या बाईंनी तो उलटसुलट पाहिला, हुंगला आणि या बाजूचे टाकीचे घाव कसले, असं विचारलं. "ते माझे. चटणीसाठी," मामा म्हणाले. मग त्या बाई येऊन अक्रोडाखालची जमीन तपासून गेल्या, कबर निघाली, आणि कंपनीने तेवढा तुकडा कुंपण घालून सोडला. दगड पुन्हा जागेवर बसवला, अक्षरं वर, टाकीची बाजू खाली. मामी आता मिक्सरमध्ये चटणी करतात. तिला ती चव नाही.

पुढे घर विकून दोघं मुलाकडे दूर दक्षिणेत अल्फारेटाला गेली. जाताना मामांनी मला एक खुरपं दिलं. दर रविवारी फोन येई, "एलायजाकडे गेला होतात?" मी पहिले काही रविवार बिनदिक्कत हो म्हणालो. मग एकदा त्यांनी विचारलं, "अक्रोडाला पालवी आली का?" मला सांगता येईना. तेव्हापासून मी खरोखर जातो. चारी बाजूंनी डेटा सेंटरची घरघर चालू असते आणि मधे तो दगड.

हल्ली मामांना फारसं आठवत नाही. परवा मामींचा फोन आला, "जरा बोला यांच्याशी. सकाळपासून बूट घालून दारात उभे आहेत. कुणाचंच ऐकत नाहीत."

मामा फोनवर आले. "त्याच्याकडे कोण जातं?"

"मी जातो, मामा. दर रविवारी."

"गवत?"

"काढतो."

"आपण कोण?"

लग्नापासून मला जावईबापू म्हणणारा हा माणूस. मी म्हणालो, "मी एलायजाचा शेजारी."

"मग ठीक आहे," मामा म्हणाले.

नंतर मामींनी सांगितलं, की मामांनी बूट काढले, ते खुर्चीत बसले आणि कपातला चहा संपेपर्यंत उठले नाहीत.