मावशीच्या जांभळांचा अर्क

लातूरच्या बाजारात जांभळं आली की मी पाव किलो घेते आणि पहिलंच तोंडात टाकून मनातल्या मनात भांडते. ही कसली जांभळं? नुसतं पाणी! जांभळं खावीत ती आमच्या मावशीच्या विहिरीवरची. उदगीरच्या अलीकडं तिचं गाव. मावशी गेली, तेव्हापासून तिचा जांभळांचा डबा येत नाही, आणि बाजारातलं कुठलंच जांभूळ मला पसंत पडत नाही.

तो डबा यायचा, तेव्हा मी नांदेडला पीएच.डी. करत होते. फळांचा अर्क काढायचा, तो कॅन्सरच्या पेशींवर टाकायचा आणि पेशी मरतात का ते बघायचं, असं काम. ऐकायला भारी वाटतं. प्रत्यक्षात दिवसभर बिया काढा, गर वाटा, अल्कोहोलमध्ये भिजत घाला, गाळा, आटवा. आई म्हणायची, "एवढं शिकून शेवटी स्वैपाकच करून राहिलीस की!"

फळं मावशी पाठवायची. उदगीरहून येणाऱ्या एसटीत, कंडक्टरच्या हवाली करून, डब्याच्या तोंडाला फडकं बांधून. निम्मी प्रयोगशाळेत जायची, निम्मी होस्टेलच्या पोरींच्या पोटात. एकमेकींना जांभळ्या जिभा दाखवून आम्ही खिदळायचो. किती सुखाचे दिवस होते ते! तेव्हा मात्र आम्ही सारख्या कुरकुरायचो.

त्याच वर्षी मावशीच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, लातूरला केमो सुरू झाली. केस गेले, तोंडाची चव गेली. दर खेपेला घरी परतताना ती म्हणायची, "आता बास. मरण परवडलं, पण ते सलाईन नगं." काका कशीबशी समजूत घालून तिला पुढच्या खेपेला न्यायचे.

आणि नेमका तेव्हाच माझा प्रयोग जमला. त्या चाचणीत जिवंत पेशी जांभळा रंग धरतात, मेलेल्या धरत नाहीत. त्या दिवशी मावशीच्या जांभळांचा अर्क टाकलेल्या पेशींनी रंगच धरला नाही. मी नाचलेच! लगेच आईला फोन लावला. आईच्या कानावर पडलेली गोष्ट उदगीरला पोचायला कितीसा वेळ लागणार? संध्याकाळी मावशीचाच फोन.

"लेकरा, मग मी कशाला लातूरला जाऊ? जांभूळ माझंच, भाची माझीच!"

फोनवर किती समजावलं, पण ती आनंदात होती, ऐकते कशाला?

आमचे सर मात्र नाचणारे नव्हते. म्हणाले, "पुन्हा करा. दुसऱ्या झाडाची फळं घ्या." मी नांदेडच्या बाजारातली जांभळं आणली, सगळं पहिल्यापासून केलं. ह्या वेळी पेशी ठणठणीत, सगळीकडं जांभळा रंग. मला रडूच आलं. सरांनी दोन्ही अर्कांचे ठिपके एका पट्टीवर शेजारी शेजारी ठेवून तपासले. खास दिव्याखाली मावशीच्या अर्कात एक पिवळा डाग लखलखत होता, दुसऱ्यात तो नव्हताच. सरांनी स्वैपाकातली हळद मागवली आणि तिच्याशी ताडून बघितलं. तंतोतंत जुळली.

मी मावशीला फोन केला. "तू जांभळांना हळद लावली होतीस का?"

"लावणार न्हाई तर! औषधाला चाललेलं फळ ते. हळदीच्या पाण्यातनं काढलं, देवीपुढं ठेवलं, मग डबा भरला. का गं, कमी पडली?"

आम्ही फळं धुतली होती हो, पण हळद साध्या पाण्यानं कधी निघते का? आणि काळ्या जांभळावर ती दिसणार तरी कशी? मावशीची लातूरची तारीख जवळ आली होती. मी तशीच उदगीरची बस पकडली आणि तिच्यापुढं बसून सगळं सांगितलं. हळदीनं मारल्या पेशी, जांभळानं नाही. मला वाटलं, आता तरी नाद सोडेल. तर तिचा चेहरा आणखीच खुलला.

"मग तर लई सोपं झालं. हळद घरात पोत्यानं हाय."

माझं डोकंच फिरलं. "अगं माय! त्या प्लेटमध्ये रॉकेल ओतलं तरी मरतात त्या पेशी! उद्या तुला रॉकेल पाजू का?"

काका उठून अंगणात गेले. मी रडतही होते आणि ओरडतही होते. "तिथं नुसत्या पेशी असतात, मावशी. तिथं रक्त नाही, पोट नाही, काळीज नाही. त्या प्लेटमध्ये तू नाहीस गं!"

मावशी हळूच म्हणाली, "मग तू कशाला करून राहिलीस हे सगळं?"

"त्यातलं एखादं कधीतरी खरंच कामी येतं म्हणून. पण त्याला लई वर्षं लागतात. तुला तेवढं थांबता येणार न्हाई."

बोलून गेले आणि वाटलं, जीभ झडली असती तर बरं. मावशीनं पदरानं तोंड पुसलं, उठली आणि म्हणाली, "भाकर खा." दुसऱ्या दिवशी ती डोक्याला रुमाल बांधून लातूरला निघायला काकांच्या आधी दारात उभी होती.

सगळ्या खेपा तिनं पुऱ्या केल्या. पुढं बरेच उन्हाळे ती आमच्यात राहिली, लातूरच्या डॉक्टरांचे किती उपकार मानावेत! पण मला सगळ्यात जास्त आठवते ती त्या दिवशीची खेप. मी तिच्या उशाशी बसले होते. शेजारच्या खाटेवर बिलोलीकडची एक बाई होती, वयानं माझ्याएवढीच. मी काय काम करते ते मावशीनं मोठ्या तोऱ्यात तिला आधीच सांगून टाकलं होतं. ती माझ्याकडं आशेनं बघून म्हणाली, "ताई, तुमचं औषध कधी येणार? आलं की मी हे बंद करते. मला न्हाई सोसत."

मावशीनं सलाईनचा हात तसाच ठेवला आणि दुसऱ्या हातानं त्या बाईचं मनगट धरलं.

"येईल गं, पण त्याच्यासाठी थांबू नगंस. मी थांबले असते, तर ह्या पोरीच्या जिवाला जन्मभर लागलं असतं."